डबकं आटतंय, लवकर मोठा हो!

उद्या सबमिशन आहे, जर्नल अर्धं कोरं आहे आणि मेसचं ताट समोर असूनही घास उतरत नाहीये. ओळखीचं वाटतंय ना? मग यंदा पावसाळ्यात कास पठारावर किंवा चांदोलीकडे गेलात, तर खडकातल्या एखाद्या डबक्यात वाकून बघा. तिथल्या टॅडपोल्सनाही, म्हणजे बेडकाच्या शेपटीवाल्या पिल्लांना, डेडलाइन असते. पाणी आटायच्या आत बेडूक व्हायचं!

हे घडवतात हॉर्मोन्स. थायरॉइड ग्रंथीतून थायरॉक्सिन वाढलं की पाय फुटतात, शेपूट विरत जाते, शेवाळ पचवणारं लांबलचक आतडं आखूड होतं. कारण पुढे खायचे आहेत किडे! या बदलाच्या ऐन टप्प्यात तर खाणंच बंद. १९१२ मध्ये गुडरनाच या शास्त्रज्ञाने टॅडपोल्सना थायरॉइड ग्रंथी खाऊ घातली, तर त्यांचे वेळेआधीच इवलेसे बेडूक झाले.

खरी गंमत पुढे आहे. पाणी कमी झालं की टॅडपोलच्या मेंदूत सीआरएच हे ताणाचं हॉर्मोन वाढतं. ते थायरॉइडला कामाला लावतं आणि कॉर्टिकोस्टेरॉन त्याचा जोर वाढवतं. अमेरिकेतल्या स्पेडफूट टोडवर काम करून रॉबर्ट डेन्व्हर यांनी हे दाखवलं. ताण जीव वाचवतो, पण फुकट नाही. घाईत बाहेर आलेला बेडूक लहानखुरा राहतो.

सीआरएच तुमच्या मेंदूतही आहे आणि ताणात भूक मारायचं काम तिथेही करतं. सबमिशनच्या रात्री घास उतरत नाही, त्यात याचाही हात असतो. फरक इतकाच की तुमचं सबमिशन संपतं, तुम्ही वडापाव खाता. टॅडपोलला दुसरा चान्स नाही.

आणि हा विषय आपल्या घरचाच आहे. कोयना टोडची ओळख जगाला १९६३ मध्ये झाली, ती सातारा जिल्ह्यातल्या कोयना परिसरातून. आज तो संकटग्रस्त प्रजातींच्या यादीत आहे.

आटणाऱ्या डबक्यावर बेडकांकडे उत्तर आहे. डबक्यातून गेलेल्या बाइकच्या चाकावर नाही. तेव्हा पठारावर रीलसाठी पाणी उडवण्याआधी एकदा खाली बघा. तिथे कुणाची तरी परीक्षा चालू असेल.