आजोबांच्या रेडिओतला व्हॉल्व्ह आज हेडफोनच्या शेजारी काय करतोय? समजून घ्या ट्यूब डॅकचा विषय

२०१५ मध्ये जर्मनीच्या सेनहायझर कंपनीनं एक हेडफोन जगासमोर आणला. नाव एचई १. किंमत साधारण ५० हजार युरो, म्हणजे त्या वेळच्या दरानं ३५ लाखांच्या घरात. बटण दाबलं की इटलीच्या करारा संगमरवरात घडवलेल्या ठोकळ्यातून आठ काचेच्या नळ्या हळूहळू वर येतात, मंद नारिंगी उजळतात आणि मग गाणं सुरू होतं.

गंमत बघा. पैशाची कसलीच अडचण नसताना, हाताशी जगातलं सगळं आधुनिक तंत्रज्ञान असताना कंपनीनं निवडलं काय, तर १०० वर्षांपेक्षा जुनं तंत्रज्ञान. व्हॅक्यूम ट्यूब. आपल्याकडच्या जुन्या लोकांच्या भाषेत, व्हॉल्व्ह.

आज रील्सवर टेबलाचा कोपरा, एक मोठा हेडफोन आणि शेजारी चमकणारी काचेची नळी असलेला डबा सर्रास दिसतो. खाली कमेंटमध्ये दोन गट भांडत असतात. एक म्हणतो, "आवाज काय गोड लागतो!" दुसरा म्हणतो, "वेड्यात काढतायत तुम्हाला."

नेमकं कोण बरोबर? हे समजून घ्यायचं तर सुरुवात तुमच्या खिशातल्या फोनपासून करावी लागते.

डॅक म्हणजे काय रे भाऊ?

फोनमधलं गाणं म्हणजे खरं तर आकड्यांची एक लांबलचक यादी. १९८२ मध्ये सीडी बाजारात आली तेव्हा ठरलेलं माप असं, की प्रत्येक कानासाठी सेकंदाला ४४,१०० आकडे आणि प्रत्येक आकडा ६५,५३६ पायऱ्यांपैकी एका पायरीवर. आजही बरंचसं संगीत याच मापात असतं.

पण कानाला आकडे कळत नाहीत. कानाला हवी हवेची थरथर, आणि ती निर्माण करायला हेडफोनला हवा कमी-जास्त होणारा विजेचा दाब. आकड्यांचं विजेच्या लहरीत रूपांतर करणारं जे यंत्र, ते म्हणजे डिजिटल टू ॲनालॉग कन्व्हर्टर. थोडक्यात डॅक.

आवाज काढणाऱ्या प्रत्येक डिजिटल वस्तूत डॅक असतोच. फोनमध्ये, लॅपटॉपमध्ये, टीव्हीत. २०१६ मध्ये आयफोन ७ मधून हेडफोनचं भोक गेलं आणि सोबत बोटभर वायरीचा डोंगल आला. त्या इवल्याशा डोंगलमध्येही डॅक बसवलेला होता.

इथं एक गोष्ट लक्षात ठेवा. तुम्ही ब्लूटूथ इयरबड्स वापरत असाल, तर तुमचा डॅक त्या बड्सच्या आतच आहे. बाहेरून कितीही महागडा डॅक आणला तरी त्याचा तुम्हाला शून्य उपयोग. हा सगळा विषय वायरवाल्या हेडफोनचा आहे.

आणि ही ट्यूब कुठून आली?

१९०४ मध्ये जॉन ॲम्ब्रोस फ्लेमिंग यांनी पहिली दोन टोकांची ट्यूब बनवली. १९०६ मध्ये अमेरिकेच्या ली डी फॉरेस्ट यांनी त्यात तिसरं टोक घातलं आणि इतिहास बदलला.

आतली रचना सोपी आहे. काचेच्या नळीतली हवा काढून टाकलेली असते. मधे एक तार तापते. त्या उष्णतेनं कॅथोडमधून इलेक्ट्रॉन बाहेर पडतात आणि समोरच्या प्लेटकडे धावतात. मधे एक जाळी असते, तिला म्हणतात ग्रिड. या जाळीवर आवाजाचा बारीकसा सिग्नल दिला की इलेक्ट्रॉनचा मोठा लोंढा त्याच तालावर कमी-जास्त होतो. धरणाचा दरवाजा बोटभर हलवला की खाली नदीचं पाणी हात-हातभर चढतं-उतरतं, तसंच काहीसं.

रेडिओ, टीव्ही, टेलिफोन, सगळं या नळ्यांवर चालायचं. १९४६ च्या एनिॲक संगणकात तर अशा जवळपास १८ हजार नळ्या होत्या. आपल्याकडे बंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्स कंपनीनं १९६० च्या दशकात फिलिप्सच्या सहकार्यानं रेडिओचे व्हॉल्व्ह बनवले. घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा. बटण फिरवल्यावर रेडिओ लगेच बोलत नसे, आधी "तापायचा", मग हळूच आवाज वर यायचा. तो तापायचा वेळ म्हणजेच या नळीतली तार गरम व्हायचा वेळ.

१९४७ मध्ये बेल लॅब्समध्ये ट्रान्झिस्टर जन्माला आला. तो छोटा, स्वस्त, गार आणि टिकाऊ. पुढच्या दोन-तीन दशकांत ट्यूब घराघरांतून हद्दपार झाली. गिटारवाले आणि आवाजाचे शौकीन सोडले, तर तिला कुणी वाली उरला नाही.

मग ट्यूब डॅकमध्ये ट्यूब करते तरी काय?

इथंच सगळ्यात मोठा गैरसमज आहे. ट्यूब आकड्यांचं आवाजात रूपांतर करत नाही. ते काम आतली चिप करते, किंवा काही डॅकमध्ये रेझिस्टरची एक शिडी करते. ट्यूब येते त्यानंतर. चिपमधून निघालेला नाजूक सिग्नल पुढे ढकलणं, थोडा वाढवणं, एवढंच तिचं काम.

म्हणजे स्वयंपाक चिपनं केला, वरून फोडणी ट्यूबनं दिली.

प्रश्न असा, की या फोडणीनं चव बदलते का? बऱ्याचदा बदलते, आणि ती मोजताही येते.

गोड का लागतं? उत्तर तंबोऱ्यात आहे

समजा २०० हर्ट्झचा एक सूर ट्यूबमधून गेला. ट्यूब तो तंतोतंत तसाच सोडत नाही. सोबत ४०० हर्ट्झचा एक अगदी बारीक सूर स्वतःच्या पदरचा घालते. २०० ला आपण सा धरला, तर ४०० म्हणजे वरचा सा. त्याहून बारीक ६०० हर्ट्झचाही मिसळतो. तो म्हणजे वरच्या सप्तकातला पंचम. म्हणजे ट्यूब जी भर घालते ती सुरातच असते, आणि मूळ सुराच्या इतकी जवळ असते की कान तिला वेगळं ओळखत नाही. त्याला फक्त आवाज जरा भरलेला, गोल वाटतो.

तंत्राच्या भाषेत याला विकृती म्हणतात, इंग्रजीतला डिस्टॉर्शन. आजच्या चांगल्या डॅकमध्ये ती ०.००१ टक्क्याच्या आसपास किंवा त्याहूनही कमी असते. काही ट्यूब डिझाइनमध्ये ती ०.१ टक्क्यापासून १ टक्क्यापर्यंत जाते. म्हणजे शेकडो पट जास्त. तरीही लोकांना ती आवडते.

यात आपल्याला नवल वाटायचं कारण नाही. मिरजेचे तंबोरे जगात नावाजलेले आहेत, २०२४ मध्ये त्यांना भौगोलिक मानांकनही मिळालं. त्या तंबोऱ्याची जान कशात असते? जवारीत. घोडीवर तार जराशी घासते, खाली सुताचा दोरा सरकवून ती नेमकी लावली जाते आणि एका तारेतून स्वरांची अख्खी रांग झणझणत बाहेर पडते. नुसती साधी, स्वच्छ तार वाजली तर गवई मैफलीत बसायचा नाही.

पण इथं एक फरक आहे आणि तो महत्त्वाचा आहे. जवारी वादकानं लावलेली असते. तो संगीताचाच भाग. ट्यूबची भर मात्र ऐकणारा नंतर घालतो. गवयाची जवारी रेकॉर्डिंगमध्ये आधीच आहे. तुम्ही तिच्यावर आणखी एक चढवताय.

याचा तोटाही होतो. एकच सूर असेल तर भर सुरात पडते. पण दोन सूर एकत्र आले, समजा २०० आणि ३१० हर्ट्झ, की ट्यूब त्यांची बेरीज आणि वजाबाकीही तयार करते. ५१० आणि ११०. यांचा मूळ सुरांशी काहीच सुरेल संबंध नसतो. म्हणून एकट्या गळ्याची ठुमरी किंवा गझल ट्यूबवर मोहून टाकते आणि ३० वाद्यांचा गलबला असलेलं गाणं त्याच ट्यूबवर किंचित गढूळ वाटू शकतं.

मग "वेड्यात काढतायत" म्हणणारे चुकीचे का?

अजिबात नाही. त्यांचं म्हणणं असं, की फरक खरंच ऐकू येतो की फक्त डोळ्यांना दिसतो, हे आधी तपासा.

आवाजाच्या बाबतीत आपला मेंदू पटकन फसतो. दोन यंत्रांतलं एक फक्त १ डेसिबलनं मोठं असलं तरी "यात जास्त तपशील आहे" असं वाटतं. प्रत्यक्षात ते निव्वळ मोठं असतं. त्यात समोर नारिंगी दिवा, हातात जड धातूचा डबा आणि नुकताच खात्यातून गेलेला पैसा. मन आधीच कौल देऊन बसलेलं असतं.

खरी परीक्षा अशी, की दोन्ही यंत्रांचा आवाज मीटरनं मोजून सारखा करायचा, बदल दुसऱ्यानं करायचा आणि ऐकणाऱ्याला कोणतं चालू आहे हे कळू द्यायचं नाही. उत्तम बनवलेली ट्यूब कधीकधी इतकी स्वच्छ असते, की अशा परीक्षेत ती साध्या डॅकपासून वेगळी ओळखणं अवघड जातं. म्हणजे तिथं तुम्ही पैसे मोजले ते दिसण्याचे.

हेडफोनचं गणित विसरू नका

बऱ्याचदा ज्याचं श्रेय डॅकमधल्या ट्यूबला दिलं जातं, ते असतं हेडफोन ॲम्प्लिफायरचं. अनेक डब्यांत डॅक आणि ॲम्प्लिफायर एकत्रच येतात, म्हणून गोंधळ होतो.

प्रत्येक हेडफोनचा विजेला एक विरोध असतो, तो ओहममध्ये मोजतात. सेनहायझरचे एचडी ६०० आणि एचडी ६५० ३०० ओहमचे आहेत. पण हा आकडा स्थिर नसतो. खालच्या सुरांत, साधारण १०० हर्ट्झच्या आसपास, तो ५०० च्याही वर जातो. ट्यूब ॲम्प्लिफायरचा स्वतःचा विरोध १०० ओहम असेल, तर हिशेबानं तिथला बास साधारण १ डेसिबलनं उचलला जातो. लोक ज्याला "उबदार आवाज" म्हणतात, त्यातला बराच भाग हाच.

हाच ॲम्प्लिफायर ३२ ओहमच्या हेडफोनला लावला तर बास फुगून बसू शकतो. बारीक इयरफोन लावला तर मागे सतत "स्स्स" ऐकू येण्याची शक्यता. साधा नियम असा, की ॲम्प्लिफायरचा विरोध हेडफोनच्या आठव्या हिश्श्यापेक्षा कमी असावा.

घ्यायचाच असेल तर काय बघाल?

एक. आधी हेडफोन. आवाजात सगळ्यात मोठा फरक हेडफोननं पडतो, डॅकनं नाही. खर्चाचा क्रमही तोच ठेवा.

दोन. चमक बघून भुलू नका. काही स्वस्त डब्यांत ट्यूबच्या खाली नारिंगी एलईडी लावलेला असतो. खरी ट्यूब अशी झगमगत नाही, आतली तार फक्त मंद लालसर दिसते. शिवाय अनेक ट्यूबना १०० ते ३०० व्होल्ट लागतात. स्वस्त डब्यांत त्यांना फार कमी व्होल्टवर चालवतात आणि तिथं ट्यूबचं मूळ वागणंच बदलतं.

तीन. ट्यूब झिजते. काही हजार तासांनी बदलावी लागते. १२एयू७, ६९२२, ६एसएन७ यांसारखे प्रकार आजही बनतात, पण मोजक्या देशांत. रशिया, स्लोव्हाकिया आणि चीन. मार्च २०२२ मध्ये रशियानं निर्यातीवर निर्बंध घातले तेव्हा सारातोव्हच्या कारखान्यातल्या ट्यूब अडकल्या आणि जगभरचे गिटारवाले हवालदिल झाले होते. जुन्या साठ्यातल्या मुलार्ड, टेलिफुंकन अशा ट्यूबना मोठा भाव मिळतो, म्हणून त्यांत नकली छापाच्याही खूप फिरतात.

चार. जाहिरातीत "एनओएस" लिहिलं असेल तर नीट विचारा. त्याचे दोन अर्थ आहेत. ट्यूबच्या बाबतीत न वापरलेला जुना साठा. डॅकच्या बाबतीत, आकड्यांच्या मधे नवे आकडे न भरता थेट रूपांतर करणारी पद्धत. दोन्हींचा एकमेकांशी संबंध नाही.

पाच, आणि हे गंभीरपणे घ्या. ट्यूबचा डबा घरी उघडू नका. वायर काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये जीवघेणा दाब साठलेला असू शकतो. ट्यूब बदलायची तर यंत्र बंद करून, पूर्ण गार झाल्यावरच.

शेवटी आनंद कशात?

समोर जे रेकॉर्ड झालं ते जसंच्या तसं ऐकायचं असेल, तर आज हजार-दीड हजाराचा चांगला डोंगलही ते काम चोख करतो. त्यासाठी ट्यूबची गरज नाही.

पण रात्री दिवे मालवून, ट्यूब तापेपर्यंत मिनिटभर थांबून, फोन बाजूला ठेवून एखादा माणूस अख्खी मैफल ऐकत असेल, तर त्याला आवडलेली ती किंचित भर खोटी म्हणता येणार नाही. ती मोजता येते, तिचं कारण सांगता येतं. ती रेकॉर्डिंगमध्ये नव्हती आणि आपण ती वरून घातली आहे, हे माहीत असलं म्हणजे झालं.

फक्त आवाजाची पातळी सांभाळा. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते मोठ्या माणसांनी ८० डेसिबलला आठवड्यात ४० तास ऐकणं ही सुरक्षित मर्यादा आहे. आवाज त्याहून वाढवला की हे तास झपाट्यानं कमी होतात. ट्यूब जळली तर नवी बसवता येते. कानाच्या आतल्या बारीक केसांच्या पेशी एकदा गेल्या, की परत उगवत नाहीत.