गिधाडांचा ऱ्हास आणि कारणनिश्चितीचा प्रश्न

भाषाशास्त्राच्या अध्यापकाने गिधाडांविषयी लिहावे, हे काही वाचकांस विचित्र वाटण्याचा संभव आहे. परंतु अमुक गोष्ट तमुक गोष्टीचे कारण आहे असे केव्हा म्हणावे, हा प्रश्न कोणा एका शास्त्राच्या मालकीचा नाही. प्रकृती आणि प्रत्यय यांपैकी कोणता अर्थ कोणाकडे जातो हे ठरविताना आपल्या वैयाकरणांनी अन्वय-व्यतिरेकाचा आश्रय केला. एक असता दुसरे असते व एक नसता दुसरे नसते, असे दिसून आले तरच त्यांत संबंध मानावयाचा. जीवशास्त्र, आरोग्य आणि पर्यावरण यांच्या सीमेवरील एका प्रश्नात ही कसोटी कोठवर पोचते आणि कोठे अडते, एवढेच येथे पाहावयाचे आहे.

पांढऱ्या पाठीचे, लांब चोचीचे आणि निमुळत्या चोचीचे अशा गिधाडांच्या तीन जाती १९९० नंतरच्या दशकात आपल्या उपखंडातून झपाट्याने नाहीशा होऊ लागल्या. भरतपूरच्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानातील ऱ्हासाकडे मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे डॉ. विभू प्रकाश यांनी लक्ष वेधले. १९९२ ते २००७ या काळात पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची भारतातील संख्या सुमारे ९९.९ टक्क्यांनी घटली. म्हणजे हजारांमागे एक उरले. एखादा विषाणुजन्य रोग पसरला असावा, ही उपपत्ती प्रारंभी मांडली गेली. ती अयुक्तिक नव्हती. मात्र त्या विषाणूचा पत्ता काही लागेना.

उलगडा झाला तो पाकिस्तानातील पंजाबात. लिंडसे ओक्स आणि त्यांचे सहकारी यांना मृत गिधाडांच्या आतड्यांवर व यकृतावर यूरिक आम्लाचा पांढुरका थर आढळला. मूत्रपिंडे निकामी झाल्याचे हे लक्षण होय. संशय डायक्लोफेनॅकवर गेला. माणसांच्या सांधेदुखीवरील हे परिचित औषध त्या सुमारास गुरांनाही सर्रास दिले जाऊ लागले होते. मूत्रपिंडे निकामी होऊन मेलेल्या ज्या २५ गिधाडांची तपासणी झाली, त्या सर्वांत या औषधाचा अंश सापडला. तो रोग नसलेल्या १३ गिधाडांपैकी एकातही सापडला नाही. अन्वय आणि व्यतिरेक यांचे इतके निखळ उदाहरण ग्रंथांतही क्वचितच मिळेल. एवढ्यावर न थांबता, औषध दिलेल्या जनावरांचे मांस गिधाडांना खाऊ घालून तोच रोग उत्पन्न करून दाखविण्यात आला. २००४ साली ‘नेचर’ या नियतकालिकात हे संशोधन प्रसिद्ध झाले.

तरीही एक शंका उरतेच. औषध टोचल्यावर थोड्याच दिवसांत मरणारी गुरे ती किती असणार? पण गिधाडे थव्याने जेवतात, आणि एका शवावर कितीतरी पक्षी उतरतात. दर ७६० शवांत एक ते दर १३० शवांत एक एवढी दूषित शवे असली, तरी प्रत्यक्ष दिसलेला ऱ्हास घडून येण्यास ती पुरेशी आहेत, असे गणिताने दाखविले. भारतात बंदीपूर्वी तपासलेल्या शवांपैकी सुमारे एकदशांश शवांत औषधाचा अंश आढळला होता. कावळ्याच्या शापाने गाय मरत नाही, अशी आपली म्हण आहे. गाईच्या औषधाने गिधाड मरते, हे मात्र म्हणीला ठाऊक नव्हते.

येथपर्यंतची साखळी पक्की आहे. पुढचा दुवा माणसाकडे येतो आणि तेथे पुरावा विरळ होतो. शवे उघड्यावर कुजू लागली, भटकी कुत्री वाढली, पाणी दूषित झाले. यामुळे माणसे किती दगावली? २००८ मधील एका अभ्यासाने १९९२ ते २००६ या काळात केवळ रेबीजमुळे सुमारे ४८,००० अधिक मृत्यू झाल्याचा अंदाज केला. एयाल फ्रँक व अनंत सुदर्शन या अर्थशास्त्रज्ञांचा २०२४ मधील निबंध २००० ते २००५ या काळातच सुमारे ५ लाख अधिक मृत्यू सांगतो. दोन आकड्यांत दहापट अंतर आहे, पण त्यांत विरोध आहे असे मात्र नव्हे. पहिला आकडा एका रोगाचा, दुसरा सर्व कारणांचा. दुसऱ्या निबंधात, गिधाडांच्या वस्तीस अनुकूल जिल्हे आणि प्रतिकूल जिल्हे यांतील मृत्युमान औषध स्वस्त होण्यापूर्वी व नंतर ताडून पाहिले आहे. अनुकूल जिल्ह्यांत ते ४ टक्क्यांहून अधिक वाढले. जिल्ह्याजिल्ह्यातील गिधाडे कोणी मोजलेली नव्हती. म्हणून अधिवासाचे नकाशे घ्यावे लागले. माझ्या मते ही पद्धती चतुर आहे आणि तिचा निष्कर्ष गंभीरपणे घेण्याजोगा आहे. तथापि पाण्यामुळे किती आणि कुत्र्यांमुळे किती, हे त्या एका आकड्यातून निवडून काढता येत नाही. व्यतिरेक आहे तो जिल्ह्यांचा, रोग्यांचा नव्हे. आरोग्यशास्त्राचे खरे काम येथून सुरू होते.

दरम्यान शासनाने २००६ साली डायक्लोफेनॅकच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी घातली. माणसांसाठीच्या मोठ्या कुप्या गुरांकडे वळू लागल्याने २०१५ साली कुपीचा आकार ३ मिलिलिटरवर आणला. पुढे असे दिसले की ॲसिक्लोफेनॅक गुरांच्या शरीरात जाऊन डायक्लोफेनॅकच होते! शब्द बदलला, अर्थ तोच राहिला. ते व किटोप्रोफेन यांवर २०२३ साली बंदी आली. मेलॉक्सिकॅम गिधाडांस सुरक्षित ठरले आहे, आणि ते गुरांनाही गुणकारी आहे. परंतु प्रत्येक नवे वेदनाशामक बाजारात येण्यापूर्वी त्याची परीक्षा कोणावर करावयाची? जी गिधाडे वाचवावयाची, तीच परीक्षेसाठी लागतात, आणि ती तर मोजकीच उरली आहेत. जिवंत पक्ष्यास हात न लावता, त्याच्या पेशींवर ही परीक्षा विश्वासार्हपणे करता येईल काय, हा प्रश्न आज या क्षेत्रातील संशोधकांपुढे आहे.