तुपाचें सोंग

संस्कृतांत तेलातुपास आणि मायेस 'स्नेह' हा एकच शब्द आहे. आयुर्वेदानें घृत, तैल, वसा व मज्जा असे चार स्नेह सांगितले. आमच्या बालपणीं घरांत पांचवा शिरला. पिवळा डबा, त्यावर ताडाचें झाड, आणि नांव 'वनस्पति'. खरें पाहतां वनस्पति म्हणजे फूल न दिसतां फळणारा वृक्ष, जसा औदुंबर. जन्मभर संस्कृत शिकवूनही त्या डब्यावरील शब्दाचा विचार आम्हीं कधीं केला नाहीं.

गेल्या वर्षीं आमच्या वडील बंधूंस हृदयविकाराचा झटका आला. ईश्वरकृपेनें ते बचावले. घरीं येतांना पथ्याचा जो कागद मिळाला, त्यांत 'वनस्पति तूप वर्ज्य' असें ठळक लिहिलें होतें. तेलापासूनच केलेल्या वस्तूवर एवढा रोष कां, अशी शंका आली. आणि मास्तरकीची खोड जात नाहीं, म्हणून आम्हीं पुस्तकें धुंडाळलीं.

तेल पातळ कां व तूप थिजतें कां, याचें मूळ रेणूंच्या रचनेंत आहे. तेलाच्या रेणूंत कांहीं ठिकाणीं हायड्रोजनास जागा मोकळी असते. तेल तापवून त्यांत निकेल धातूची बारीक पूड घालतात व दाबाखालीं हायड्रोजन वायु सोडतात. मोकळ्या जागा भरत जातात, आणि तेल घट्ट होऊं लागतें. विल्हेल्म नॉर्मन या जर्मन रसायनज्ञानें १९०२ सालीं या युक्तीचें पेटंट घेतलें. हिंदुस्थानांत १९३७ सालीं 'डालडा' आलें, आणि तूप न परवडणाऱ्या घरांतून तें झपाट्यानें पसरलें. तुपांत त्याची भेसळ होऊं लागली, तेव्हां सरकारनें त्यांत तिळाचें तेल मिसळण्याची सक्ति केली. तिळाचें तेल साखर व हायड्रोक्लोरिक आम्ल यांच्यासह हलविलें कीं तांबूस रंग चढतो, आणि भेसळ करणाऱ्याची चोरी उघडी पडते. ही युक्ति वाचून आम्हांस फार गंमत वाटली.

पुढचें वाचून मात्र वाटली नाहीं. पोत मऊ हवा असेल, तर ती क्रिया अर्ध्यावरच थांबवावी लागते. आणि तशी थांबविली कीं कित्येक रेणूंचा मूळचा बांक जाऊन ते सरळ होतात. हाच ट्रान्स मेद. तो रक्तांतील अहितकर कोलेस्टेरॉल वाढवितो आणि हितकर कमी करतो, हें १९९० सालीं हॉलंडमधील संशोधकांनीं दाखविलें. डेन्मार्कनें २००३ सालीं त्यास कायद्यानें आळा घातला. आपल्याकडे १ जानेवारी २०२२ पासून स्निग्ध पदार्थांत शेंकडा दोन ही मर्यादा आहे. तेव्हां आजचा डबा पूर्वीच्याइतका दोषी नाहीं, हेंही न्यायानें सांगितलें पाहिजे.

हें सारें आम्हीं एका रात्रीं पंगतींत मोठ्या उत्साहानें सांगितलें. मुलें कान देऊन ऐकत होतीं, वहिनी वाढीत होत्या. मध्येंच त्यांचा हात थांबला. त्या म्हणाल्या, "म्हणजे भावोजी, चाळीस वर्षें मीं यांच्या पानांत काय वाढलें?"

आम्हांस उत्तर सुचलें नाहीं. अकरा माणसांचें घर, दोन बेताचे पगार. साजुक तूप वरणभातापुरतें पुरे, तेंही पाहुणे नसले तर. दिवाळीच्या करंज्या, शंकरपाळे, चिरोटे, सर्व वनस्पतींत. साट्यासाठीं तें परातींत तळहातानें फेसतांना वहिनींचे दंड भरून येत. त्या कष्टांवर आम्हीं सर्वांनीं बोटें चाटलीं आहेत. शिवाय दादांच्या दुखण्याचें कारण तेंच, असें कोण छातीठोकपणें सांगणार? तंबाखू होती, चालणें मुळींच नव्हतें. हें आम्हीं वहिनींस सांगितलें खरें, पण दुसऱ्या दिवशीं, एकांतांत. पंगतींत सांगावयास हवें होतें.

आतां नातवंडें वाण्याकडे पुडा उलटा करून बारीक अक्षरें वाचतात व 'हायड्रोजनेटेड' शब्द दिसला कीं पुडा परत ठेवतात. वाणी वैतागतो. सूनबाई म्हणतात, "मामंजी, अशानें एक दिवस उपाशी राहावें लागेल!" तळणीचें उरलेलें तेल पुन्हां कढईंत पडत नाहीं. आमची जीभ मात्र सुधारली नाहीं. बेकरीवरून जातांना खारीच्या वासानें पाय अजून घुटमळतात, आणि एकदोनदां ते आंतही शिरले, हें घरांत कोणास ठाऊक नाहीं.

यंदाच्या दिवाळींत वहिनींनीं घरच्या लोण्याच्या तुपांत चिरोटे केले. साजुक तूप म्हणजे औषध नव्हे, संपृक्त मेद त्यांतही भरपूर. म्हणून माणशीं दोनच. दादांच्या वाट्यास अर्धा आला. तो तोंडांत टाकून ते सहज बोलून गेले, "पूर्वीचे जास्त खुसखुशीत होत असत, नाहीं?"

त्या रात्रीनंतर वहिनी प्रथमच मोकळेपणीं हांसल्या.