‘बंद होणार म्हणे’ : बर्बनच्या बाजारातली आवई

अमेरिकेतल्या दारूच्या दुकानांत एक बातमी सतत फिरत असते. अमुक बर्बन आता बंद होणार, कंपनीने शेवटचा माल पाठवला आहे, हवी असेल तर आजच दोन बाटल्या उचला. बहुतेक वेळा ती खोटी निघते. तरीही तिच्या मुळाशी काहीतरी घडलेले असते : कुठे लेबल बदललेले असते, कुठे एखाद्या राज्यात माल पोचणे थांबलेले असते, तर कधी गोदामात खरोखरच पिंपे कमी असतात. बर्बनचा धंदा ज्या पद्धतीने चालतो, तिच्यामुळे ही आवई उठायला निमित्त फारसे लागत नाही.

अमेरिकी कायद्यानुसार बर्बनच्या धान्यात किमान ५१ टक्के मका असावा लागतो आणि ती आतून जाळून कोळशाचा थर आणलेल्या नव्या ओकच्या पिंपात मुरवावी लागते. पिंपात भरताना मद्यार्क ६२.५ टक्क्यांच्या वर चालत नाही, बाटलीत तो ४० टक्क्यांच्या खाली चालत नाही. ‘स्ट्रेट’ हा शब्द लावायचा तर किमान दोन वर्षे मुरणे सक्तीचे आहे. नावाजलेल्या बाटल्यांतला माल साधारणपणे त्याहून बराच जुना असतो. जगातली बहुतेक बर्बन केंटकी राज्यात तयार होते. तिथला उन्हाळा कडक, हिवाळा तितकाच बोचरा. एका पिंपात सुमारे २०० लिटर माल मावतो आणि त्यातला ३ ते ५ टक्के दरवर्षी लाकडातून उडून जातो. दहा-बारा वर्षांनी पिंप उघडले की त्यातला मोठा हिस्सा गेलेला असतो.

बारा वर्षांच्या बर्बनला आज गिऱ्हाईक वाढले, तर तिचा पुरवठा बारा वर्षांपूर्वी किती पिंपे भरली होती यावरच अवलंबून असतो. आज भट्ट्या दुप्पट चालवल्या तरी त्याचे फळ पुढच्या दशकात मिळणार. मधल्या काळात कंपनीपुढे मोजकेच मार्ग उरतात. किंमत वाढवायची, दुकानांना मोजून बाटल्या द्यायच्या, कमी वयाचा माल मिसळायचा, पाणी थोडे जास्त घालायचे, किंवा एखाद्या बाजारातून माल काढून दुसरीकडे वळवायचा. यातला कुठलाही मार्ग घेतला तरी ठरावीक फळीवरची ठरावीक बाटली दिसेनाशी झाली, एवढेच गिऱ्हाइकाला कळते. कारण कोणी सांगत नाही. मग ‘बंद झाली’ हा सर्वांत सोपा अर्थ लावला जातो.

सर्वाधिक आवया उठल्या त्या लेबलवरच्या वयाच्या आकड्यावरून. बाटलीवर १२ वर्षे लिहिले असेल, तर आतला सर्वांत कोवळा थेंबही बारा वर्षांचा असला पाहिजे, असा नियम आहे. पण माल चार वर्षांहून जुना असेल, तर वय छापलेच पाहिजे असे बंधन नाही. म्हणजे नाव तेच, बाटली तीच ठेवून आकडा गाळण्याची मुभा कंपनीला आहे. हेवन हिल कंपनीच्या एलायजा क्रेगचे असेच झाले. या बर्बनच्या बाटलीवर बाराचा आकडा दिमाखात समोर छापलेला असे. २०१५ मध्ये तो मागच्या लेबलवर गेला. हा आकडा आता निघण्याच्या वाटेवर आहे, असे जाणकार तेव्हाच म्हणू लागले, आणि २०१६ च्या सुरुवातीला तो खरोखरच निघाला. आठ ते बारा वर्षांचा मिश्र माल त्याच नावाने येऊ लागला. एलायजा क्रेग बंद झाली नाही, आजही मिळते. मात्र बारा वर्षांची नेहमीची एलायजा क्रेग संपली, हे म्हणणेही खरेच होते. ‘बंद’ हा शब्द नेमका कशाला लावायचा, यावर असे वाद अडतात.

व्हेरी ओल्ड बार्टनची गंमत याहून वरची. तिच्या बाटलीवर ‘सहा वर्षे जुनी’ असे लिहिलेले असे. पुढे ‘वर्षे जुनी’ हे शब्द गेले आणि सहाचा आकडा एकटाच मागे उरला. तो कशाचा आकडा आहे हे लेबल सांगत नव्हते. कायद्याच्या चौकटीत बसणारी ही चलाखी ग्राहकांच्या लक्षात आल्यावर प्रत्येक कंपनीच्या प्रत्येक लेबलकडे संशयाने बघण्याची सवय लागली, आणि त्याबद्दल ग्राहकांना दोष देता येत नाही. नॉब क्रीकवरचा नऊ वर्षांचा आकडाही २०१६ मध्ये गेला होता. माल पुरेसा साठल्यावर २०२० मध्ये तो परत आला. पण आकडा परत येण्याची बातमी जाण्याच्या बातमीइतकी कधीच पसरत नाही.

मेकर्स मार्कने २०१३ च्या फेब्रुवारीत उघडपणे बोलून पाहिले. मागणी पुरी पडत नाही, म्हणून मद्यार्काचे प्रमाण ४५ वरून ४२ टक्क्यांवर आणत आहोत, असे कंपनीने आपल्या निष्ठावान ग्राहकांना कळवले. ग्राहक भडकले. दुकानांतून जुन्या ४५ टक्क्यांच्या बाटल्यांची झुंबड उडाली आणि आठवडाभरातच कंपनीने निर्णय मागे घेतला. त्याच वर्षी ओल्ड ग्रँड-डॅडच्या साध्या बाटलीतला मद्यार्क ४३ वरून ४० टक्क्यांवर आला, त्यावर मात्र एवढा गदारोळ झाला नाही. धंद्यातल्या लोकांनी यातून काय धडा घेतला असेल, हे उघड आहे. पुढच्या काळात बदल गुपचूप होऊ लागले, आणि कंपन्या जितक्या गप्प, तितक्या आवया जास्त.

या संशयाला सर्वांत भक्कम आधार हेवन हिलच्याच दुसऱ्या एका बाटलीने दिला. सहा वर्षांची, ‘बॉटल्ड-इन-बाँड’ प्रकारची ही बर्बन मुख्यतः केंटकीतच मिळे. १८९७ च्या कायद्यानुसार या प्रकारातला माल एकाच डिस्टिलरीचा, एकाच हंगामात गाळलेला, सरकारी देखरेखीच्या गोदामात किमान चार वर्षे मुरलेला आणि ५० टक्के मद्यार्काचा असावा लागतो. एवढी शिस्त पाळलेली बाटली पंधरा डॉलरच्या आत मिळत असे. बाहेरच्या राज्यांतले शौकीन केंटकीत आले की गाडीच्या डिकीत खोकी भरून नेत. २०१८ मध्ये ती बंद होणार अशी कुजबुज सुरू झाली आणि ती खरी ठरली. पुढच्याच वर्षी तेच नाव सात वर्षांच्या मालावर परत आले, नव्या देखण्या बाटलीत, सुमारे चाळीस डॉलरना. एक वर्ष मुरणे वाढले आणि किंमत जवळजवळ तिप्पट झाली. तेव्हापासून स्वस्त आणि चांगली अशी कुठलीही बर्बन दोन महिने दिसली नाही, की ती ‘कात टाकायला’ गेली आहे, असेच गृहीत धरले जाते.

बाजार बदलल्यामुळे होणारे गैरसमज निराळे. फोर रोझेसचे उदाहरण बर्बनच्या इतिहासात ठळक आहे. सीग्रॅम कंपनीने १९४३ मध्ये हा ब्रँड घेतला आणि पुढच्या दशकाच्या अखेरीस अस्सल बर्बन अमेरिकेतून काढून युरोप आणि जपानकडे वळवली. अमेरिकेत त्याच नावाने साधी मिश्र व्हिस्की विकली जाऊ लागली. अमेरिकी ग्राहकाच्या दृष्टीने फोर रोझेस बर्बन संपली होती. टोकियोत ती व्यवस्थित मिळत होती आणि केंटकीतल्या लॉरेन्सबर्गमध्ये गाळलीही जात होती. २००२ मध्ये जपानच्या किरिन कंपनीने ब्रँड विकत घेतला, तेव्हा कुठे ती मायदेशी परतली. आय. डब्ल्यू. हार्परही अशीच अनेक वर्षे परदेशातच मिळत होती आणि २०१५ मध्ये अमेरिकेत पुन्हा आली.

अमेरिकेच्या आत हाच घोळ लहान प्रमाणावर रोज होतो. दारूबंदी १९३३ मध्ये उठली, तेव्हा उत्पादक, घाऊक वितरक आणि किरकोळ दुकानदार यांना वेगळे ठेवणारी तीन पायऱ्यांची रचना आली. उत्पादकाने थेट दुकानाला माल द्यायचा नाही, असा साधारण दंडक आहे. त्यामुळे दुकानदाराला कंपनीची खबर वितरकाच्या विक्रेत्याकडून मिळते, आणि त्या विक्रेत्यालाही पुष्कळदा एवढेच ठाऊक असते की यादीतला एक क्रमांक निघाला आहे. तो पावणेदोन लिटरच्या बाटलीचा असेल, जुन्या लेबलचा असेल. दुकानात पोचेपर्यंत त्याचा ‘ब्रँड गेला’ असा अर्थ होतो. पेनसिल्व्हेनिया, व्हर्जिनिया, ओहायो अशा १७ राज्यांत तर दारूचा व्यापार कमीअधिक प्रमाणात सरकारच्याच हाती आहे. तिथल्या मंडळाने खप कमी म्हणून एखादी बर्बन यादीतून वगळली, की शेजारच्या राज्यात ती ढिगाने असली तरी आवई उठते.

महाराष्ट्रातल्या वाचकाला ही गुंतागुंत अनोळखी वाटायला नको. भारतात दारू हा राज्यांचा विषय आहे, लेबलची नोंदणी प्रत्येक राज्याच्या उत्पादन शुल्क खात्याकडे वेगळी करावी लागते. मुंबईत मिळणारी बाटली दुसऱ्या राज्यात नसणे आणि पुढच्या वर्षी मुंबईतूनही गायब होणे हे नोंदणी, शुल्क किंवा आयातदार बदलल्यामुळे होऊ शकते. २०२१ मध्ये महाराष्ट्राने आयात मद्यावरचे उत्पादन शुल्क ३०० वरून १५० टक्क्यांवर आणले, तर फेब्रुवारी २०२५ मध्ये केंद्राने बर्बनवरचा आयात कर १५० वरून १०० टक्के केला. अशा एखाद्या निर्णयासरशी इथल्या फळ्या भरतात किंवा रिकाम्या होतात. केंटकीतल्या भट्टीला त्याची गंधवार्ताही नसते.

आग आणि पडझड या बातम्या त्या मानाने साध्या. ७ नोव्हेंबर १९९६ रोजी बार्ड्सटाउनमध्ये हेवन हिलची डिस्टिलरी आणि सात गोदामे जळाली, नव्वद हजारांहून अधिक पिंपे गेली. कंपनी संपली, असे म्हटले गेले असते तर ते वावगे नव्हते. प्रत्यक्षात इतर उत्पादकांनी तिला माल गाळून दिला, १९९९ मध्ये तिने लुइव्हिलची बर्नहाइम डिस्टिलरी घेतली आणि तिचे मुख्य ब्रँड तगले. २०१८ मध्ये बार्टनचे गोदाम दोन टप्प्यांत कोसळले, त्यात सुमारे अठरा हजार पिंपे होती. २०१९ मध्ये जिम बीमच्या गोदामाला आग लागून सुमारे ४५ हजार पिंपे गेली. ती कोवळ्या मालाची असल्याने पुरवठ्यावर परिणाम होणार नाही, असे कंपनीने लगेच सांगितले आणि तसेच झाले.

ब्रँड आणि डिस्टिलरी यांचे नाते वाटते तितके घट्ट नसते, हेही यातून दिसते. लुइव्हिलजवळची स्टिट्झेल-वेलर डिस्टिलरी १९९२ मध्ये थांबली, पण तिची नावे मेली नाहीत. वेलर आज बफेलो ट्रेसमध्ये तयार होते, ओल्ड फिट्झजेराल्ड हेवन हिलकडे आहे. जुन्या जाणत्यांच्या मते आतली चव बदलली. असे असताना ब्रँड जिवंत म्हणायचा की नाही, हे ज्याने त्याने ठरवावे. खरोखर संपलेल्या बर्बनमध्ये ए. एच. हर्श हे नाव प्रथम घेतले जाते. पेनसिल्व्हेनियातल्या मिक्टर्स डिस्टिलरीत १९७४ मध्ये गाळलेला तो माल होता. डिस्टिलरी १९९० मध्ये बंद पडली आणि उरलेली पिंपे रिकामी झाली, तेव्हा विषयच मिटला.

आवईचा एक परिणाम मात्र खरा असतो. बंद होणार म्हटल्यावर लोक एकाऐवजी सहा बाटल्या घेतात, फळी रिकामी होते, आणि रिकामी फळी हाच आवईचा पुरावा ठरतो. मग चढ्या भावाने खाजगी विक्री सुरू होते. परवान्याविना दारू विकणे बहुतेक राज्यांत बेकायदा आहे, तरी ती चालते. केंटकीने २०१८ पासून परवानाधारक दुकानांना खाजगी माणसांकडून जुन्या बाटल्या घेऊन विकण्याची मुभा दिली. अट अशी, की ती बाटली वितरकाकडे मिळत नसावी. म्हणजे एखादी बर्बन बंद आहे की नाही, याला तिथे कायद्याचे आणि पैशाचेही मोल आले.

बातमी तपासण्याच्या जागा थोड्या आहेत. अमेरिकेत नव्या लेबलला केंद्र सरकारच्या मद्य व तंबाखू खात्याची मंजुरी लागते आणि ही नोंद कोणालाही पाहता येते. शौकीन ती चाळत बसतात. पण मंजूर झालेले लेबल बाजारात येईलच असे नाही आणि नवे आले म्हणून जुने जाईलच असेही नाही. त्यामुळे कित्येक आवया याच नोंदींतून जन्मतात. कंपनीचे स्पष्ट निवेदन अधिक भरवशाचे. मात्र ‘सध्या असा विचार नाही’ या वाक्यातल्या ‘सध्या’ या शब्दाला किती वजन द्यायचे, हे एलायजा क्रेगच्या ग्राहकांना विचारावे.

गेल्या काही वर्षांत वारे उलटे फिरले आहे. टंचाईच्या काळात भरमसाट भरलेली पिंपे आता तयार होत आहेत आणि खप मंदावला आहे. केंटकीच्या गोदामांत २०२५ च्या सुरुवातीला १ कोटी ६० लाखांहून अधिक पिंपे होती. तोवरचा हा उच्चांक होता. त्याच वर्षी मार्चमध्ये आयात शुल्काच्या भांडणातून कॅनडाच्या बहुतेक प्रांतांनी अमेरिकी दारू फळ्यांवरून काढली. क्लेरमाँट इथल्या मुख्य डिस्टिलरीत २०२६ मध्ये गाळप थांबवणार, असे जिम बीमने डिसेंबर २०२५ मध्ये जाहीर केले. जिम बीम बंद, अशी आवई त्यावरून उठणे साहजिक होते. गाळप थांबले तरी बाटल्या भरणे चालूच राहणार होते. पुढची कित्येक वर्षे पुरेल एवढा माल गोदामात मुरतो आहे.

माल तुंबला की लेबलवरचे आकडे परत येतात. वाइल्ड टर्की १०१ वरचा आठ वर्षांचा आकडा अमेरिकेतून १९९० च्या दशकात गेला होता, जपानला जाणाऱ्या बाटलीवर तो टिकून राहिला. २०२५ मध्ये आठ वर्षांची १०१ अमेरिकेत पुन्हा आली. दिवाळखोरीच्या खऱ्या बातम्या आता लहान आणि नव्या डिस्टिलऱ्यांकडून येत आहेत. भरभराटीच्या काळात कर्ज काढून त्या उभ्या राहिल्या आणि माल मुरण्याआधीच त्यांचे हप्ते थकले. त्यांची पिंपे सावकाराच्या ताब्यात जातात, दुसरा कोणी ती घेतो आणि आपल्या नावाने बाटलीत भरतो. या ब्रँडांसाठी दुकानात झुंबड उडत नाही, कारण बहुतेक ग्राहकांना त्यांची नावेच माहीत नसतात.