चौकट, बटण आणि मेनू : ॲपच्या पडद्यावरील अर्जाची घडण

शासकीय कचेरीत अर्ज देणे म्हणजे पूर्वी खिडकीपुढे उभे राहणे असे. अर्जदाराने जमिनीचे क्षेत्र भलत्याच रकान्यात लिहिले, तर खिडकीपलीकडचा कारकून ते पाही आणि तेथल्या तेथे दुरुस्त करून घेई. आज त्या खिडकीची जागा दूरध्वनीच्या किंवा संगणकाच्या पडद्याने घेतली आहे. कारकुनाने जे विचारायचे, तपासायचे आणि समजावून सांगायचे, ते काम आता पडद्यावरील तीन साध्या वस्तूंवर येऊन पडले आहे : मजकूर लिहावयाची चौकट, दाबावयाचे बटण आणि पर्यायांची यादी, म्हणजेच मेनू. या तीन वस्तूंची हाताळणी आज्ञावलीत कशी केली जाते, हे ग्रामस्थ, अधिकारी आणि शिक्षक या सर्वांनी जाणून घेणे अगत्याचे आहे. कारण चौकट चुकीची आखली गेली, तर त्याचा परिणाम नागरिकाच्या हक्कावर होतो.

हैदराबादचा अनुभव

या विषयाचा अभ्यास करण्यास हैदराबादइतके सोयीचे ठिकाण क्वचितच सापडेल. डिसेंबर १९९९ मध्ये हैदराबाद व सिकंदराबाद या जुळ्या शहरांसाठी ‘ट्विन्स’ हा प्रायोगिक प्रकल्प सुरू झाला आणि वेगवेगळ्या खात्यांची देयके एकाच ठिकाणी भरण्याची सोय झाली. त्यातूनच ऑगस्ट २००१ मध्ये ‘ई-सेवा’ केंद्रे उभी राहिली आणि ४ नोव्हेंबर २०११ रोजी ‘मी सेवा’ योजनेचा प्रारंभ झाला. ‘मी सेवा’ याचा तेलुगू अर्थ ‘आपली सेवा’ असा आहे. या केंद्रांत संगणकापुढे प्रशिक्षित कर्मचारी बसत असे. त्यामुळे पडदा अवघड असला, तरी त्याचा भार नागरिकावर पडत नसे.

२९ ऑक्टोबर २०२० रोजी तेलंगणात ‘धरणी’ हे जमीन अभिलेखांचे संकेतस्थळ सुरू झाले. शेतजमिनीची नोंदणी आणि फेरफार ही दोन्ही कामे त्याद्वारे एकत्र आली. कामाचा वेग वाढला, हे मान्य करावयास हवे. परंतु अर्जाचे प्रकार ठरावीक ‘मोड्यूल’मध्ये, म्हणजे मेनूतील ठरावीक पर्यायांत बांधलेले होते. ज्याची अडचण एखाद्या पर्यायात बसे, त्याला वाट मिळे. जिची अडचण कोणत्याच पर्यायात बसत नसे, तिने अर्ज कोठे करावा हा प्रश्न उरे. पर्यायांची संख्या पुढे वाढत वाढत तेहतीसवर गेली आणि मग यांपैकी आपला पर्याय कोणता, हे ओळखणेच सामान्य शेतकऱ्यास कठीण झाले. १४ एप्रिल २०२५ रोजी ‘धरणी’च्या जागी ‘भू भारती’ ही व्यवस्था आली. तिच्यात मोड्यूलांची संख्या सहावर आणण्यात आली आणि महसूल अधिकाऱ्यांकडे अपील करण्याची तरतूद कायद्याने पुन्हा करण्यात आली.

या घटनाक्रमामागे कायद्याची आणि प्रशासनाची अनेक कारणे आहेत. त्यांचा विचार येथे कर्तव्य नाही. आपल्या विषयापुरते एवढेच ध्यानात घ्यावयाचे, की मेनूतील एक ओळ कमी असणे ही नागरिकाच्या दृष्टीने कचेरीची एक खिडकी बंद असण्यासारखीच गोष्ट आहे.

आज्ञावली ‘ऐकते’ कशी ?

संगणकाच्या जुन्या आज्ञावल्या स्वतःच्या क्रमाने प्रश्न विचारीत आणि वापरणाऱ्याने त्याच क्रमाने उत्तरे द्यावीत अशी अपेक्षा असे. अमेरिकेतील झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात १९७३ साली ‘आल्टो’ हा संगणक तयार झाला आणि पडद्यावरील चित्ररूप वस्तूंना स्पर्श केल्याप्रमाणे काम करण्याची पद्धत रूढ होऊ लागली. १९८४ सालच्या ‘मॅकिंटॉश’ संगणकाने ती घराघरांत नेली. या पद्धतीत क्रम वापरणारा ठरवितो. आज्ञावली स्वस्थ बसून वाट पाहते. कोणी बटण दाबले, अक्षर टंकले किंवा मेनूतील ओळ निवडली, की त्याला ‘घटना’ म्हणतात. प्रत्येक घटनेसाठी काय करावयाचे याचा लहानसा आज्ञासंच आधीच लिहून ठेवलेला असतो व त्या घटनेशी जोडलेला असतो. घटना घडली, की तो संच चालतो आणि आज्ञावली पुन्हा वाट पाहू लागते.

यातून पहिला नियम निघतो. घटनेचा आज्ञासंच झटपट संपला पाहिजे. दूरच्या संगणकाकडून उत्तर येण्यास वेळ लागणार असेल, तर ते काम बाजूला सोपवून पडदा मोकळा ठेवावा आणि ‘माहिती पाठविली जात आहे’ असे स्पष्ट दाखवावे. अन्यथा पडदा थिजल्यासारखा होतो आणि नागरिक गोंधळून पुनःपुन्हा बटण दाबीत राहतो.

मजकुराची चौकट

चौकटीविषयी आज्ञावली लिहिणाऱ्याने तीन प्रश्न स्वतःस विचारावेत : येथे काय लिहिले जाईल, ते कोण लिहील आणि कोणत्या लिपीत लिहील ?

क्षेत्रफळाचे उदाहरण घेऊ. तेलंगणात जमीन एकर व गुंठ्यांत मोजतात. ४० गुंठ्यांचा एक एकर होतो. महाराष्ट्राच्या सातबारा उताऱ्यावर तीच जमीन हेक्टर व आर यांत असते. सीमेवरच्या आदिलाबाद किंवा नांदेड भागातील शेतकऱ्यास दोन्ही मापे ठाऊक असतात. त्याने एकाच चौकटीत ‘२.२०’ असे लिहिले, तर त्याच्या मनात २ एकर २० गुंठे, म्हणजे अडीच एकर किंवा १०० गुंठे असतात. संगणक मात्र तो दशांश समजून ८८ गुंठे धरील. बारा गुंठ्यांची ही तफावत सुमारे १,२०० चौरस मीटर भरते. कोणीही खोटे लिहिलेले नसते. चौकट एक आणि अर्थ दोन, एवढाच दोष असतो. यावर उपाय सोपा आहे. एकरांसाठी एक व गुंठ्यांसाठी एक अशा दोन चौकटी द्याव्यात, गुंठ्यांच्या चौकटीत ३९ पेक्षा मोठी संख्या स्वीकारू नये आणि खाली ‘एकूण १०० गुंठे, म्हणजे सुमारे १.०१ हेक्टर’ असे लगेच दाखवावे. शेतकरी ते वाचून स्वतःच खात्री करून घेईल.

सर्व्हे क्रमांकाला नावात ‘क्रमांक’ असला, तरी तो गणिताचा आकडा नव्हे. ‘४५/अ/२’ हा मजकूर आहे व चौकटीने तो मजकूर म्हणूनच घेतला पाहिजे. पिनकोडचेही तसेच. श्रीराम भिकाजी वेलणकर यांच्या योजनेनुसार १५ ऑगस्ट १९७२ पासून देशात सहा अंकी पिनकोड आला. त्याची बेरीज कधी करावयाची नसते. फक्त अंक सहा आहेत ना आणि पहिला अंक शून्य नाही ना, एवढेच पाहावयाचे असते. कोणी देवनागरीत ‘५००००१’ असे टंकले, तर आज्ञावलीने ते इंग्रजी अंकांत स्वतः बदलून घ्यावे. ‘अवैध अंक’ असे सांगून नागरिकास परत पाठविणे योग्य नव्हे.

नावाची चौकट सर्वांत नाजूक. मराठी कुटुंबात आधी स्वतःचे, मग वडिलांचे किंवा पतीचे नाव आणि शेवटी आडनाव असा क्रम असतो. तेलुगू रीतीत घराण्याचे नाव बहुधा प्रथम येते. हैदराबादच्या मराठी कुटुंबांतील एकाच व्यक्तीचे नाव शाळेच्या दाखल्यावर एका क्रमाने आणि जमिनीच्या कागदावर दुसऱ्या क्रमाने आढळते, ते यामुळेच. दोन अभिलेख जुळवून पाहणाऱ्या आज्ञावलीला या दोन व्यक्ती वाटतात. म्हणून ‘आपल्या ओळखपत्रावर आहे तसे पूर्ण नाव’ असे विचारून एकच प्रशस्त चौकट देणे पुष्कळदा अधिक सुरक्षित ठरते.

लिपीचाही विचार हवा. संगणकाच्या युनिकोड पद्धतीत ‘श्री’ हे आपणांस एक अक्षर दिसत असले, तरी ते श, हलन्त चिन्ह, र आणि दीर्घ ई अशा चार संकेतांनी साठविले जाते आणि नेहमीच्या साठवण पद्धतीत त्याला बारा बाइट लागतात. ‘नाव ३० बाइटांहून मोठे नसावे’ असा इंग्रजी अक्षरांच्या हिशेबाने घातलेला नियम देवनागरी किंवा तेलुगू नाव मध्येच तोडतो. ‘दऱ्या’ या शब्दातील ‘ऱ’ दोन वेगवेगळ्या संकेतपद्धतींनी लिहिता येतो. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, पण शोध घेताना यंत्राला ते निराळे वाटतात. म्हणून साठविण्यापूर्वी सर्व मजकूर एका ठरलेल्या रूपात आणणे अवश्य आहे.

बटण

बटणावर काय घडणार आहे ते क्रियापदाने लिहावे. ‘ओके’ यापेक्षा ‘अर्ज पाठवा’ किंवा ‘शुल्क भरा’ हे शब्द चांगले. बटण बोटाला सहज सापडावे. लक्ष्य जितके लहान व दूर, तितका ते गाठण्यास वेळ अधिक, हे पॉल फिट्स यांनी १९५४ साली प्रयोगांनी दाखवून दिले. स्पर्शपटलावरील बटण सुमारे ९ मिलिमीटरांहून लहान नसावे, ही आजची रूढ शिफारसही त्याच विचाराला धरून आहे. ‘अर्ज पाठवा’ आणि ‘अर्ज रद्द करा’ ही दोन बटणे एकमेकांस चिकटून ठेवू नयेत, हे सांगावयास नकोच.

बटणाचा खरा धोका दुहेरी दाबण्यात आहे. गावात नेटवर्क मंद असते. नागरिक ‘शुल्क भरा’ दाबतो, काही होताना दिसत नाही, तो पुन्हा दाबतो आणि शुल्क दोनदा जाते. यावर उपाययोजना दोन ठिकाणी करावी लागते. पहिल्या दाबाबरोबर बटण तात्पुरते निष्क्रिय करून प्रतीक्षेची खूण दाखवावी, ही झाली पडद्यावरची व्यवस्था. त्याखेरीज अर्ज उघडतानाच त्याला एक स्वतंत्र क्रमांक द्यावा आणि तोच क्रमांक मुख्य संगणकाकडे दुसऱ्यांदा आला, तर नवा अर्ज न मानता पहिल्याचीच पावती परत द्यावी. दुसरी व्यवस्था अधिक महत्त्वाची, कारण पडद्यावरची तपासणी कोणालाही चुकविता येते. याच कारणास्तव चौकटींतील मजकुराची तपासणीही मुख्य संगणकाने पुन्हा केलीच पाहिजे.

मेनू

पर्याय मोजके व निश्चित असतील तेथे मेनू द्यावा. लिहिण्यातील चुका त्याने टळतात. परंतु यादीचा मजकूर आज्ञावलीत कायमचा कोरून ठेवणे धोक्याचे आहे. २ जून २०१४ रोजी तेलंगण राज्य झाले तेव्हा त्यात १० जिल्हे होते. ऑक्टोबर २०१६ मध्ये ते ३१ झाले आणि फेब्रुवारी २०१९ मध्ये ३३. महाराष्ट्रातही औरंगाबाद जिल्ह्याचे छत्रपती संभाजीनगर झाले आणि अहमदनगरचे अहिल्यानगर. ज्या आज्ञावलीत जिल्ह्यांची यादी कोरलेली असेल, तिला अशा प्रत्येक बदलाबरोबर दुरुस्त करावे लागेल. तोवर त्या गावचा रहिवासी आपला जिल्हा शोधीत राहील. यादी स्वतंत्र तक्त्यात ठेवली आणि प्रत्येक गावाला नावाऐवजी स्थिर संकेतांक दिला, तर नाव बदलले तरी जुने अभिलेख तुटत नाहीत.

जिल्हा, मंडल आणि गाव असे मेनू परस्परांवर अवलंबून असतात. जिल्हा बदलला, की खालील दोन्ही निवडी रिकाम्या करणे हे आज्ञावलीचे कर्तव्य आहे. ते राहून गेले, तर एका जिल्ह्याचे नाव आणि दुसऱ्याचे गाव अशी अशक्य जोडी अभिलेखात शिरते.

शेवटी, प्रत्येक मेनूत ‘यांपैकी कोणताही नाही’ ही ओळ हवी आणि ती निवडल्यावर आपली अडचण स्वतःच्या शब्दांत लिहिण्यास चौकट उघडावी. तो मजकूर वाचणारा अधिकारी नेमलेला असावा. तेथे वारंवार येणाऱ्या तक्रारींवरून मेनूत कोणती ओळ कमी आहे, हे खात्याला आपोआप समजते.

परीक्षा कोणी घ्यावी ?

ॲप तयार झाल्यावर त्याची परीक्षा केवळ तज्ज्ञांनी घेऊन भागत नाही. अधिकाऱ्यांनी पुढील गोष्टी स्वतः करून पाहाव्यात :

१. अर्ज अर्धा भरून नेटवर्क बंद करावे. भरलेली माहिती टिकते काय ?

२. मुद्दाम चुकीची माहिती लिहावी. चूक कोणत्या चौकटीत आहे आणि काय लिहावयास हवे, हे मातृभाषेत सांगितले जाते काय ?

३. ‘अर्ज पाठवा’ लागोपाठ तीनदा दाबावे. पावती एकच मिळते काय ?

४. पडदा वाचून दाखविणारी आज्ञावली चालू करून, न पाहता अर्ज भरावा. प्रत्येक चौकटीचे नाव ऐकू येते काय ? दिव्यांग व्यक्तींना माहिती-तंत्रज्ञान वापरता येईल अशी सोय करणे हे २०१६ च्या कायद्याने बंधनकारक आहे.

शिक्षकांना हा विषय संगणकाविना शिकविता येईल. विद्यार्थ्यांना आपापल्या घरच्या जमिनीच्या किंवा शिधापत्रिकेच्या नोंदीवरून कागदावर अर्ज आखण्यास सांगावे आणि तो शेजारच्या विद्यार्थ्याने काहीही न विचारता भरून दाखवावा. जेथे भरणारा अडतो, तेथे चौकट सुधारावयास हवी. आज्ञावली लिहिणाऱ्या तज्ज्ञाचे कामही मूलतः हेच आहे.

नागरिकाने पडदा चालविण्याचे शिक्षण घ्यावे, हे खरे. तथापि आपला अर्ज का स्वीकारला गेला नाही हे ज्याला पडद्यावरून कळत नाही, त्याला अडाणी म्हणून मोकळे होता येणार नाही. त्याची अडचण ऐकून घेण्याची जबाबदारी पूर्वी खिडकीपलीकडच्या माणसाची होती. आज ती अर्जाची चौकट आखणाऱ्याची आणि तिला मंजुरी देणाऱ्या खात्याची आहे.