ट्रॅक्टरमागील ट्रॉलीत किती भार भरावा?

दिवाळीच्या सुमारास नागपूर जिल्ह्यात मालवाहतुकीची एकच धांदल उडते. काटोल-नरखेडकडील आंबिया बहाराची संत्री, सोयाबीन व वेचणीचा कापूस ट्रॉल्यांतून कळमन्याच्या किंवा जवळच्या बाजाराकडे निघतो. हंगाम सरला म्हणजे तीच ट्रॉली शेणखत, विटा आणि वाळू वाहू लागते. भाडे बहुधा खेपेवर ठरत असल्यामुळे ट्रॉली काठोकाठ भरण्याकडे मालकाचा कल असणे स्वाभाविक आहे. परंतु ट्रॉली भरली म्हणजे भार योग्य झाला, असे मानणे धोक्याचे होय.

एका ब्रासची, म्हणजे १०० घनफूट मापाची ट्रॉली घ्या. तीत सुटा कापूस भरला तर तो काही क्विंटलच होतो. संत्री भरली तर भार दीड टनाच्या आसपास जाईल. कोरडी वाळू मात्र साडेचार टनांपर्यंत भरते आणि ओली असल्यास त्याहूनही अधिक. ट्रॉलीचे माप तिन्ही वेळा एकच असते. हाकणाराही बहुधा तिन्ही वेळा सारख्याच वेगाने हाकतो.

“आमचा ट्रॅक्टर एवढे वजन सहज ओढतो,” असे उत्तर यावर नेहमी मिळते. ते खरेही असते. खालच्या गिअरमध्ये ट्रॅक्टर आपल्या वजनाच्या कितीतरी पट भार सपाट रस्त्यावर ओढू शकतो. तथापि सुरक्षित भार ओढण्याच्या शक्तीवरून ठरत नाही. तो थांबविण्याच्या शक्तीवरून ठरतो. बहुतेक ट्रॅक्टरांचे ब्रेक मागील दोन चाकांवरच असतात आणि आपल्याकडील पुष्कळ ट्रॉल्यांना स्वतःचे ब्रेक नसतात. सर्व भार थांबविण्याचे काम त्या दोन चाकांवरच पडते.

हे हिशेबाने पाहू. ट्रॅक्टर २ टनांचा आहे आणि त्याच्या ब्रेकची पकड सुमारे ८०० किलो बळाची आहे असे धरा. एकटा ट्रॅक्टर ताशी २० किलोमीटर वेगात असता ब्रेक लागल्यावर सुमारे ४ मीटरांत थांबेल. आता मागे दीड टनाची चारचाकी ट्रॉली व तीत साडेचार टन वाळू जोडा. एकूण वजन ८ टन, म्हणजे चौपट झाले. थांबण्याचे अंतरही चौपट, सुमारे १६ मीटर होईल. हाकणाऱ्याचा पाय ब्रेकवर पडेपर्यंत एक सेकंद गेला तर आणखी साडेपाच मीटर त्यात मिळवावे लागतील.

हे झाले सपाट रस्त्याचे. नाल्याच्या पुलाकडे उतरणारा रस्ता दहास एक उताराचा असेल, तर ८ टनांचे वजन उताराच्या दिशेने ८०० किलो बळाने खाली ढकलते. ब्रेकची सारी पकड तेवढीच आहे. ब्रेक कितीही दाबला तरी वेग कमी होणार नाही. उलट ट्रॉली मागून रेटा देऊन ट्रॅक्टरला आडवा फिरवील.

युरोपात ७५० किलोहून जड जोडगाडीला स्वतःचे ब्रेक असणे आवश्यक आहे, ते याच कारणाने. आपल्याकडील बिनब्रेकच्या ट्रॉलीविषयी माझे मत असे की, ट्रॉली व माल मिळून वजन सपाट रस्त्यावर ट्रॅक्टरच्या दीडपटीपलीकडे नेऊ नये, आणि वाटेत उतार असल्यास ट्रॅक्टरच्या वजनाइतकेच ठेवावे. वरील ट्रॉलीत याप्रमाणे सपाटीवर दीड टन, म्हणजे तृतीयांश ब्रास वाळू बसते. खेपा वाढतील आणि डिझेलही अधिक लागेल, हे खरे. म्हणूनच भाडे ठरविताना वजनाचा विचार आधी करावा. ट्रॉलीस ब्रेक बसवून घेतले तर हा अडसर बराच दूर होतो. नोंदणी पुस्तकातील भरलेल्या वजनाची मर्यादा मात्र कोणत्याही परिस्थितीत ओलांडू नये. त्या आकड्यातून रिकाम्या ट्रॉलीचे वजन वजा केले म्हणजे मालाची कमाल मर्यादा मिळते. फळ्या वाढवून उंच केलेली ट्रॉली वजनकाट्यावर पुन्हा तोलून घ्यावी.

दुचाकी ट्रॉलीत माल कोठे रचला, यालाही महत्त्व आहे. बैलगाडी उलार झाली तर काय होते, हे धुरकऱ्यास सांगावे लागत नाही. तद्वत माल आसाच्या मागे गेला तर दांडी वर उचलली जाते, ट्रॅक्टरच्या मागील चाकांवरील दाब घटतो आणि ब्रेकची पकड त्याच प्रमाणात कमी होते. म्हणून जड पोती आसाच्या किंचित पुढे रचावीत. मात्र दांडीवर फार भार आल्यास पुढील चाके हलकी होऊन ट्रॅक्टर वळेनासा होतो.

शेतात वळण्यासाठी डावा व उजवा ब्रेक वेगवेगळा वापरतात. रस्त्यावर येण्यापूर्वी दोन्ही पेडल कडीने एकत्र जोडावेत. एकच ब्रेक लागला तर भरलेली ट्रॉली उलटण्यास तेवढे पुरे होते. उतार लागण्यापूर्वीच खालचा गिअर टाकावा आणि डिझेल वाचविण्यासाठी गाडी न्यूट्रलमध्ये कधीही सोडू नये. उतारावर मध्येच गिअर बदलण्यासाठी क्लच दाबला, तर तेवढा वेळ इंजिनचा रोध नाहीसा होतो आणि गाडीने वेग घेतल्यास गिअर पुन्हा पडेलच असे नाही.