टेंभुर्णी, तिंदुक आणि विषतिंदुक

पुण्याहून सोलापूरकडे येताना महामार्गावर माढा तालुक्यातील टेंभुर्णी लागते. आपल्यापैकी बहुतेकांनी तेथे चहा घेतला असेल. गावाच्या नावातील वृक्षाकडे मात्र क्वचितच कोणाचे लक्ष जाते.

ग्रामनामावरून तर्क करताना सावध राहावे, हे खुद्द सोलापूरच शिकविते. सोळा गावांचे ते सोलापूर, ही व्युत्पत्ती सर्वतोमुखी आहे. परंतु बाराव्या शतकात, श्रीसिद्धरामेश्वरांच्या काळी, या नगरीचे नाव सोन्नलगे होते. मोहोळ तालुक्यातील कामती येथील शके १२३८ (इ. स. १३१६) च्या संस्कृत शिलालेखात ते सोनलीपूर असे येते. किल्ल्यातील विहिरीवरील लेखात संदलपूर असे आहे. ते वाचून एखाद्या वैद्याच्या मनात चंदनवन उभे राहील! पण तो केवळ नादाचा भास होय.

टेंभुर्णीचे तसे नाही. या नावाचा वृक्ष आजही सर्वपरिचित आहे. तोच तेंदू, म्हणजे डायोस्पायरॉस मेलॅनोझायलॉन. त्याचीच पाने विड्यांसाठी परप्रांतातून आणि विदर्भातून सोलापुरात येतात आणि येथील हजारो भगिनींच्या हातांखालून जातात. चरकाचार्यांनी उदर्दप्रशमन महाकषायात तिंदुकाला स्थान दिले आहे. त्या तिंदुकाचा अर्थ अनेक अभ्यासक डायोस्पायरॉस मलबारिका असा करतात, आणि मराठीत त्यालाही टेंबुरी, टेंभुर्णी म्हणतात. दोन्ही एकाच कुळातील व कषाय रसाचे असल्याने येथपर्यंतचा गोंधळ सह्य म्हणता येईल.

खरी भीती पुढेच आहे. फळाच्या साम्यामुळे कुपीलूला, म्हणजेच कुचल्याला, विषतिंदुक हे पर्यायनाम मिळाले. कुळ निराळे, वीर्य निराळे. कुचल्याच्या बीजात स्ट्रिक्नीन असते. गोमूत्र, गोदुग्ध, गोघृत यांनी शोधन केल्यावाचून ते वापरू नये, हे विद्यार्थीही जाणतो. औषध नियमांच्या (पूर्वीच्या औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमांच्या) परिशिष्ट ई (१) मध्येही त्याचा विषद्रव्यांत समावेश आहे. परंतु मागणीपत्रावर घाईने खरडलेल्या शब्दातील 'विष' ही दोन अक्षरे पुसट झाली, किंवा दुकानातील नोकराने ती गाळली, तर काय होईल? केवळ 'तिंदुक' असे लिहिलेली मागणी आम्ही स्वतः एकदा परत पाठविली आहे. त्या वेळी मागणी करणाऱ्या सद्गृहस्थांना राग आला होता.

म्हणून औषधालय चालविणाऱ्या बंधूंना आमची विनंती आहे, की मागणीत संस्कृत नावापुढे वनस्पतिशास्त्रीय नाव व त्वक्, फल, बीज यांपैकी हवे असलेले अंग अवश्य लिहावे. आणि कुचल्याची बरणी निराळ्या कपाटात, कुलपात ठेवावी.